आईचं बोलणं

आईला झटका आला तेव्हा ती आमच्या पिंप्राळ्याच्या घरापुढच्या ओट्यावर उभी राहून समोरच्या बाईंशी बोलत होती. बोलता बोलता थांबली, भिंतीला टेकली आणि हळूच खाली बसली. समोरच्या बाईंना वाटलं, उन्हानं चक्कर आली असेल. नाना, म्हणजे माझे वडील, आत पेपर वाचत होते. नंतर दवाखान्यात ते मला म्हणाले, "पडल्याचा आवाज मला आलाच नाही. हिचं बोलणं बंद झालं म्हणून मी बाहेर आलो."

मी धुळ्याला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. निरोप मिळाला तशी निघाले. पारोळा, एरंडोल, सगळा रस्ता खिडकीशी बसून गेला, काय बघितलं ते आठवत नाही. जळगावला पोहोचले तोवर डॉक्टरांनी जिवाचा धोका टळल्याचं सांगितलं होतं. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. "बोलणं किती परत येईल ते आत्ताच सांगता येणार नाही," असं डॉक्टर म्हणाले. नानांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं, जणू डॉक्टरांनी दुसऱ्याच भाषेत सांगितलं होतं.

आईविषयी एवढं सांगायला हवं की आमच्या घरात बोलायची ती. नाना वरणगावला कारखान्यात नोकरीला होते, निवृत्तीनंतर पिंप्राळ्याला आले. नोकरीत असतानाही आणि नंतरही ते फारसं बोलले नाहीत. त्यांना गरजच पडली नाही. पाहुण्यांची विचारपूस, भाजीवाल्याशी हुज्जत, नातेवाइकांचे फोन, माझ्या सासरच्यांशी बोलणं, सगळं आई करायची. ती चोपड्याकडची, केळीच्या बागा असलेल्या घरातली, आणि तिची बोली अहिराणी. नाना भुसावळकडचे. त्यांच्या घरात तिचं "आहे"ला "शे" आणि "कशाला"ला "कसाले" ऐकून नव्या नवरीला सगळे हसायचे. लग्नानंतर इतकी वर्षं झाली तरी तिनं बोली सोडली नाही. पाहुण्यांशी नीट पुस्तकी मराठी बोलायची, पण राग आला, हसू आलं, कुणाचा कळवळा आला की अहिराणी.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती पहिला शब्द बोलली तो "बठ्ठं." बठ्ठं म्हणजे सगळं. आम्हाला आनंद झाला. बोलली! मग नर्सनं विचारलं, पाणी हवं का? आई म्हणाली, "बठ्ठं." डोकं दुखतंय का? "बठ्ठं." मी विचारलं, मला ओळखलंस का? तिनं माझा हात डाव्या हातानं घट्ट धरला, डोळे भरून आले, आणि म्हणाली, "बठ्ठं, बठ्ठं, बठ्ठं." तेवढा एकच शब्द तिच्याकडे उरला होता.

घरी आणल्यावर एक वाचा-उपचार करणाऱ्या ताई यायच्या. समजूतदार बाई होत्या. त्या चित्रांची कार्डं आणायच्या: चेंडू, सफरचंद, ग्लास, मांजर. आईपुढे कार्ड धरून म्हणायच्या, "आई, म्हणा बघू, चेंडू." आई पहिल्या दिवशी गप्प बसली. दुसऱ्या वेळी तिनं कार्डं डाव्या हातानं गोळा केली, नीट एकावर एक लावली आणि ताईंच्या मांडीवर ठेवून दिली. ताई ओशाळल्या नाहीत. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "त्यांना सगळं कळतंय. लिहिलेला सोपा शब्द दाखवला तर ओळखतात, मी करून पाहिलं. पण स्वतःहून आठवायला गेल्या की शब्द हाताला लागत नाही. तुम्ही त्यांच्यापुढे शब्द मांडून बघा. निवडायचं काम त्यांना करू द्या."

आई सातवी शिकलेली होती. रोज पेपरातलं भविष्य आणि निधनाच्या बातम्या वाचायची. मी पाटीवर शब्द लिहून दिले: पाणी, चहा, पंखा. तिनं बोट ठेवलं पंख्यावर. मी पंखा लावला. तिनं डोळे मिटून मान हलवली. त्या दिवसांत एवढं मोठं काही घडलं नव्हतं. पण पाटी लवकर भरायची, पुसून पुन्हा लिहावी लागायची, आणि नानांचं अक्षर तिला लागायचं नाही.

रजा संपली, मी धुळ्याला परतले. कॉलेजात प्रॅक्टिकल चालू होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना एक ठरलेला प्रोग्राम असतो. पडद्यावर पर्याय येतात: एक, यादीत भर घाला, दोन, यादी दाखवा, तीन, यादी क्रमानं लावा, चार, बाहेर पडा. आकडा दाबला की ते काम होतं आणि पुन्हा तेच पर्याय समोर येतात. दरवर्षी मी तो तपासत आले होते. मुलं फळांची, नाहीतर क्रिकेटपटूंची यादी करतात. त्या दिवशी एक मुलगी तिचा प्रोग्राम दाखवत होती. तिनं यादीत भाज्या घातल्या होत्या. "मॅडम, बघा, दोन दाबलं की दिसतात," असं म्हणून तिनं दोन दाबलं. वांगी, गिलकी, मेथी. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. ती पुढे तीन दाबून क्रम लावून दाखवत होती, पण माझं लक्ष त्या दोनवर राहिलं. आईचा डावा हात चालत होता. आकडा दाबणं तिला जमलं असतं.

तासांच्या मधल्या वेळेत, स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून मी तो लिहिला. प्रोग्राम म्हणून त्यात काहीही नवीन नव्हतं, माझ्या मुलांनी लिहिला असता. अडचणी वेगळ्याच होत्या. मुलांचे प्रोग्राम चालतात त्या काळ्या चौकटीत मराठी अक्षरांच्या वेलांट्या निसटून भलतीकडे जायच्या, म्हणून वेगळी खिडकी करावी लागली. अक्षर मोठं केलं की एका वेळी थोडेच शब्द मावायचे. पहिल्या पडद्यावर ठेवलं: एक, हवंय. दोन, दुखतंय. तीन, माणसं. चार, गावं. शून्य दाबलं की मागे. गावं मी का घातली ते मला नीट सांगता येणार नाही. आई माणसाचं नाव घेण्याआधी नेहमी त्याचं गाव सांगायची, ते डोक्यात असावं. शब्द अक्षरक्रमानं लावले आणि नुसत्या आकड्यांचा एक सुटा कीबोर्ड घेतला, तिच्या डाव्या हाताखाली ठेवता येईल असा.

शनिवारी जुना लॅपटॉप आईच्या पलंगापाशी मांडला. तिला समजायला वेळ लागला नाही. एक दाबलं. पडद्यावर आलं: अंघोळ, उशी, औषध, कंगवा, खिचडी. तिनं पुढचं पान काढलं, मग त्याच्या पुढचं. तिसऱ्या पानापर्यंत तिचा हात थकला. तिला पाणी हवं होतं, आणि "प" यायला अजून अवकाश होता.

नाना पायथ्याशी उभे होते. म्हणाले, "ही काय हजेरी घेते का? तहान लागलेल्या माणसानं 'अ' पासून सुरू करायचं?"

बरोबरच होतं. मी दुसरी तऱ्हा केली. जो शब्द ती जास्त वेळा निवडेल तो आपोआप वर सरकेल, असं लिहिलं. पुढच्या आठवड्यात ते चालायला लागलं आणि पाणी सगळ्यांत वर आलं. मी खुशीत होते. मग एका सकाळी नानांचा फोन आला. आईनं कीबोर्ड ढकलून दिला होता. झालं होतं असं की दोनदा एक म्हणजे पाणी हे तिच्या बोटानं लक्षात ठेवलं होतं, ती आता पडद्याकडे बघायचीसुद्धा नाही. पण दोन-तीन दिवस अंग दुखत होतं म्हणून तिनं उशी जास्त वेळा मागितली, आणि माझ्या प्रोग्रामनं इमानेइतबारे उशी वर नेऊन ठेवली. तिनं पाण्यासाठी दोनदा एक दाबलं, नानांनी उशी आणली. तिनं पुन्हा दाबलं, त्यांनी दुसरी उशी आणली. फोनवर मागे तिचा आवाज येत होता, "बठ्ठं! बठ्ठं!" तो आवाज ऐकवत नव्हता. आजारानं जे केलं ते केलं, वर मी तिचे आकडेही हलवले, असं मला वाटलं.

मी क्रम लावायचं कामच यंत्राकडून काढून घेतलं. शब्द जिथे ठेवले तिथेच राहतील. कुठला कुठे ते आईला विचारून, एकेक दाखवत आम्ही बसवले. पाणी पहिलं. उशी तिसरी. संडास दुसरं, कारण ते मागायला लागणारा वेळ तिला सर्वांत जड जायचा.

पावसाळाभर हे व्यवस्थित चाललं. नाना स्वयंपाकाला बाई आल्यावर अंघोळ करायचे, बाकी वेळ आईजवळ. आकडा दाबला की उठायचे. ताई म्हणाल्या, इतकं कुणी करत नाही. पण मी दर शनिवारी यायचे तेव्हा आई आधीच्या शनिवारपेक्षा थोडी जास्त भिंतीकडे वळलेली असायची. पाणी दाबायची, पाणी प्यायची, पुन्हा भिंतीकडे. कुणी आलं तर डोळे मिटून घ्यायची. समोरच्या बाई रोज यायच्या, पलंगाशी बसून कॉलनीतलं सगळं सांगायच्या, आणि आई ऐकून घ्यायची. आधी त्या ऐकायच्या आणि आई सांगायची.

एकदा त्या जाताना दारात मला म्हणाल्या, "पाणी, पंखा मागतात हो छान. पण तुमच्या आईनं मला कधी पाणी मागितलं नव्हतं. बसले की म्हणायच्या, काय ताप शे! तेवढ्यानं दिवस सुरू व्हायचा माझा."

मी आत येऊन नानांना विचारलं, "आई काय काय बोलायची? म्हणजे नेहमीचं. रोजचं."

त्यांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "मला काय विचारते? मी कुठं ऐकायचो?"

"आठवा की."

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसले. दार उघडं होतं, आत आई जागी होती. नानांनी घसा साफ केला. आयुष्यभर ज्या बोलीला हसले ती त्यांना तोंडातून काढायची होती. आधी नुसतंच "शे" म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "उगामुगा बसा. हे लिही. मला सारखं म्हणायची." गप बसा, असा त्याचा अर्थ. मी लिहिलं. मग त्यांना एकेक आठवायला लागलं. काय ताप शे. तुले काय करनं शे. कसाले? मन्ही आंडेर उनी, म्हणजे माझी लेक आली, हे मी बसमधून उतरून घरात शिरताना ती शेजाऱ्यांना ओरडून सांगायची. नाना ते तिच्यासारखंच, शेवटचा स्वर लांबवून म्हणाले. म्हणून झाल्यावर चष्मा काढून पुसत बसले.

"आणि जेवायच्या वेळी काय म्हणायची?" मी विचारलं.

"सगळे जेवनात का? असं. स्वतः बसायच्या आधी विचारायची."

आतून पलंगावर हात आपटल्याचा आवाज आला. "बठ्ठं!"

आम्ही धावत गेलो. आई उशीवरून मान उचलून नानांकडे बघत होती. "बठ्ठं! बठ्ठं!" नानांनी पाण्याचा ग्लास उचलला. तिनं तो हातानं बाजूला केला. नाना गोंधळून उभे राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. ते वाकून हळू म्हणाले, "बठ्ठा? बठ्ठा जेवनात का?"

आईनं मान खाली ठेवली. आणि हसली. आजारानं तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, त्यामुळे ते हसू वाकडं होतं, पण हसूच होतं. नाना मला म्हणाले, "सगळे नको लिहू. ती सगळे नव्हती म्हणत." आणि मग पलंगाच्या कडेला बसून रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

पहिल्या पडद्यावर मी पाचवा पर्याय वाढवला: आईचं बोलणं. समोरच्या बाई आल्या की ती पाच दाबून "काय ताप शे" काढायची आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवा अशी खूण करायची. नानांनी औषधाचा आग्रह केला की "कसाले?" पेपरातलं काही वाचून दाखवायला लागले की "उगामुगा बसा." नाना बसायचे. यादी वाढत गेली. आता नानाच शब्द आठवून ठेवायचे आणि मी आले की भर घालायला सांगायचे. चुकीचं लिहिलं तर आई पलंगावर हात आपटायची. ताईंनी सांगितल्याप्रमाणे पडद्यावरचा शब्द ती ओठांनी म्हणून बघायची. आवाज बठ्ठंचाच यायचा.

दिवाळी झाल्यावर मी एक गोष्ट मनाशी ठरवली. दोघांना धुळ्याला माझ्याकडे न्यायचं. नाना थकले होते, मला दर आठवड्याची ये-जा झेपत नव्हती. नवऱ्यानं खोली रिकामी करून ठेवली होती. नाना म्हणाले, "मला चालेल. तिला विचार."

मी आईजवळ बसून सगळं सांगितलं. खोली, दवाखाना जवळ, मी रोज डोळ्यांसमोर. तिनं नीट ऐकून घेतलं. मग कीबोर्ड मागितला. मला वाटलं पाच दाबेल, "कसाले" काढेल आणि मला समजूत घालावी लागेल. तिनं चार दाबलं. गावं. तो पर्याय फारसा कुणी वापरला नव्हता, त्यातले शब्द मी बसवलेही नव्हते, पहिल्या दिवशीच्या अक्षरक्रमानंच होते. एरंडोल, चोपडा, जळगाव, धुळे. तिनं चोपडा निवडलं. मी म्हटलं, "मामांची आठवण येते का? बोलावू?" तिनं शून्य दाबून मागे जाऊन पुन्हा चोपडा निवडलं. मग डाव्या हाताचं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"तुला जायचंय? राहायला?"

तिनं डोळे मिटून मान हलवली.

मी वाद घातला. तिथे दवाखाना लांब, मामींना त्रास, लोक काय म्हणतील, लेक असताना माहेरी धाडली. ती माझ्याकडे बघत राहिली. माझं बोलून झालं की पुन्हा चोपडा. नाना मधेच म्हणाले, "तिनं सांगितलं ना एकदा. किती वेळा दाबायला लावते?"

मामांना फोन केला. ते म्हणाले, "यात विचारायचं काय?" डॉक्टरांनी नाखुशीनं परवानगी दिली. तापीचा पूल ओलांडला तेव्हा आई गाडीत मागच्या सीटवर उशांच्या आधारानं बसली होती. रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा लागल्या तशी ती काचेला हात लावून बघत राहिली.

माहेरी तिची थोरली बहीण होती, विधवा, भावाकडेच राहणारी. आम्ही तिला अक्का म्हणतो. अक्कानं दारातच आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बोलायला सुरुवात केली. ती थांबलीच नाही. कोण वारलं, कुणाची बाग कशी आली, कोणत्या सुनेनं काय केलं. आई "बठ्ठं" म्हणायची आणि अक्का म्हणायची, "हां, तेच तर मी बोली राहिनी," आणि पुढे जायची. तिला प्रत्येक बठ्ठंचा अर्थ कसा लागायचा मला कळलं नाही. कदाचित लागतही नसेल. लॅपटॉप मी कोनाड्यात लावून दिला होता. पुढच्या खेपेला गेले तर त्याच्यावर हळदी-कुंकवाची ताटली होती. पाणी, संडास सगळं अक्का आणि मामी न मागता बघायच्या. मला थोडं लागलं, खोटं कशाला सांगू. पण आई भिंतीकडे तोंड करून नव्हती. तिची खाट ओसरीत होती, येणारा-जाणारा तिच्याशी दोन शब्द बोलून पुढे जायचा.

नानाही तिथेच राहिले. सासुरवाडीत कायमचं राहणं हे आमच्याकडे पुरुषाला अवघड. गावातली म्हातारी माणसं थट्टा करायची, या वयात घरजावई झालात म्हणून. नानांचा दिनक्रम ठरलेला होता. सकाळी मामांबरोबर बागेत चक्कर, मग आईच्या खाटेजवळ.

ती माघात गेली. दुसरा झटका आला, दुपारी, जेवणानंतर. अक्का तिच्याशी बोलत होती. मी पोहोचले तेव्हा तिला ओसरीतच ठेवलं होतं, आणि बायका तिच्याविषयी तिच्याच बोलीत बोलत होत्या. अक्का मला जवळ घेऊन म्हणाली, "त्रास नही हुया तिले." मी ते खरं मानलं.

दिवसपाणी आटोपल्यावर मी नानांची पिशवी भरायला घेतली. ते ओसरीत रिकाम्या खाटेच्या शेजारी खुर्चीत बसले होते.

"नाना, धुळ्याला चला. नाहीतर पिंप्राळ्याचं घर झाडून घेते, मी येत जाईन."

ते म्हणाले, "पिंप्राळ्यात मी एकटा. तुझ्याकडे तू दिवसभर कॉलेजात. इथं निदान दिवसभर कुणीतरी तिचं काही सांगत असतं. लहानपणी ती विहिरीत पडली होती, तुला माहीत होतं? मलाही नव्हतं. काल अक्कानं सांगितलं."

मी पिशवीतले कपडे काढून परत दोरीवर टाकले. आतून मामीनं जेवायला हाक मारली. नाना उठले, हात धुतले आणि अक्काच्या शेजारच्या पाटावर जाऊन बसले.